बार्मेनचे घोषणापत्र : सामर्थ्य आणि मौन

सर्वंकष राजसत्तेपुढे मंडळीने कसे उभे राहावे, हा प्रश्न निघाला की बार्मेनच्या घोषणापत्राचा दाखला दिला जातो. २९ ते ३१ मे १९३४ या दिवसांत जर्मनीतील बार्मेन येथे लूथरन, रिफॉर्म्ड व संयुक्त मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी ही सहा कलमे संमत केली. मसुदा मुख्यत्वे कार्ल बार्थ यांचा. या लेखाचा गौरव योग्यच आहे. परंतु त्याची परीक्षाही झाली पाहिजे.

प्रथम त्याचे सामर्थ्य पाहू. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला, तेव्हा मंडळीचे दार त्याला फोडावे लागले नाही. ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणविणाऱ्यांनी ते आतूनच उघडले. वंश व राष्ट्र यांच्याद्वारेही देव बोलतो, नव्या राजवटीचा उदय हे त्याचेच कार्य होय, असे ते शिकवीत. जुलै १९३३ च्या मंडळी-निवडणुकांत त्यांना मोठे बहुमत मिळाले. रोग शिकवणुकीत आहे, हे बार्मेनने अचूक ओळखले. पहिले कलम योहान १४:६ च्या आधारे येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द असल्याचे कबूल करते. पाचवे कलम १ पेत्र २:१७ ला अनुसरून न्याय व शांती राखण्याचे कार्य राज्याकडे सोपविते. तथापि मानवी जीवनाची एकमेव व सर्वव्यापी व्यवस्था होण्याचा त्याचा दावा फेटाळते. प्रत्येक कलमात आधी शास्त्रवचन, मग अंगीकार, शेवटी धिक्कार असा क्रम आहे. खोट्या शिकवणुकीला नकार दिल्याखेरीज अंगीकार पुरा होत नाही, हे या रचनेतूनच दिसते.

आता उणीव. या सहा कलमांत यहूद्यांचा उल्लेख नाही. अज्ञान हे त्याचे कारण नव्हे. एप्रिल १९३३ च्या कायद्याने यहूदी वंशाच्या लोकांना सरकारी नोकरीतून काढण्यास प्रारंभ झाला; सप्टेंबरात प्रशियाच्या सिनडने तोच नियम पाळकांना लावला. त्याविरुद्ध मार्टिन नीमोलर यांनी पाळकांचा संघ उभारला. राज्याच्या अन्यायाला बळी पडलेले लोक मंडळीचे सभासद नसले, तरी त्यांच्याविषयी मंडळीचे कर्तव्य आहे, असे डीट्रिख बोन्हेफर यांनी त्याच वर्षी लिहिले होते.

मग हे मौन का? निरनिराळ्या परंपरांचे ऐक्य टिकवावयाचे होते आणि पुष्कळ प्रतिनिधी राष्ट्राभिमानी होते. घोषणापत्राचे विवरण करताना हान्स आस्मुसेन यांनी, आपला निषेध नव्या राज्याविरुद्ध नाही, असे स्पष्टच सांगितले. १९६७ साली बोन्हेफर यांचे चरित्रकार एबरहार्ड बेथगे यांना लिहिलेल्या पत्रात बार्थ यांनी आपला दोष मान्य केला. तसा मजकूर १९३४ मध्ये स्वीकारला गेला नसता, हे ते जाणत होते. तरी त्यासाठी आपण झगडलो नाही, याचे त्यांनी समर्थन केले नाही.

आमच्या मते हे मौन पहिल्या कलमालाच बाध आणते. कारण देवाचा तो एकमेव शब्द यहूदी वंशातच देही झाला. जखमी मनुष्याला टाळून पलीकडून गेलेल्या याजकाचे शास्त्रज्ञान चुकीचे होते, असे लूक कोठेही म्हणत नाही. म्हणून पाळकांनी व धर्मशिक्षकांनी बार्मेनचे घोषणापत्र अवश्य शिकवावे, परंतु लूकच्या दहाव्या अध्यायासह शिकवावे. प्रभू कोण, हे मंडळी ज्या धैर्याने सांगते, त्याच धैर्याने आज रस्त्यावर पडलेला शेजारी कोण, हेही तिने नाव घेऊन सांगितले पाहिजे.