जलचिन्ह : कर्त्याची खूण की मालकाचे कुलूप?

प्रस्तावना

इटलीतील फाब्रियानो येथील कागद बनविणाऱ्यांनी तेराव्या शतकात कागदाच्या अंगातच आपली खूण उमटविण्याची पद्धत रूढ केली. लगदा ज्या जाळीवर घेतला जाई, तिला तारेची आकृती जोडलेली असे. तारेच्या जागी कागदाचा थर पातळ राही आणि कागद प्रकाशासमोर धरताच ती आकृती दिसे. १९९६ पासूनच्या भारतीय नोटांवरील महात्मा गांधींचे जलचिन्हही कागदाच्या जाडीतील अशाच फरकातून साकारते. चित्रकार व छायाचित्रकार आपली कलाकृती आंतरजालावर ठेवताना तिच्यावर नाव किंवा बोधचिन्ह उमटवितात, त्यालाही आज वॉटरमार्क, अर्थात जलचिन्ह असेच म्हटले जाते. या जलचिन्हाने कलाकृतीचे रक्षण कितपत होते आणि ते नेमके कोणाचे होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रूपकाची मर्यादा

कागदावरील जलचिन्हाचे दोन गुण सांगता येतात. एक, ते वाचनाच्या आड येत नाही. दुसरा, ते कागदापासून वेगळे करता येत नाही. पडद्यावरील दृश्य जलचिन्हात नेमके हेच दोन गुण नसतात. ते प्रतिमेवर मागाहून चढविलेला अर्धपारदर्शक थर असते. कोपऱ्यात घातले तर चौकट कापून ते घालविता येते आणि मध्यभागी घातले तर चित्राचाच बळी जातो. म्हणजे जलचिन्ह जितके सुरक्षित, तितकी कलाकृती विद्रूप, असा हा पेच आहे. जुन्या शब्दाने दिलेले आश्वासन नव्या माध्यमात खरे ठरत नाही, ते यामुळेच.

प्रतिमेच्या अंकीय माहितीत डोळ्यांना न जाणवणारे बदल करून खूण दडविण्याचे तंत्र १९९० च्या दशकात विकसित झाले. त्याने आस्वादात व्यत्यय येत नाही. परंतु अशी खूण वाचण्यास विशेष आज्ञावली लागते. सामान्य प्रेक्षकाला कर्त्याचे नाव कळावे, हा हेतू तिच्याने साध्य होत नाही.

संरक्षणाची कसोटी

दृश्य जलचिन्हाची तांत्रिक कसोटी गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये घेतली. एकच चिन्ह शेकडो छायाचित्रांवर त्याच रूपात असेल, तर त्या छायाचित्रांची तुलना करून संगणक ते चिन्ह वेगळे काढू शकतो आणि मूळ प्रतिमा जवळजवळ जशीच्या तशी परत मिळवू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले. प्रत्येक प्रतिमेवर चिन्हाच्या आकारात किंचित यादृच्छिक बदल केल्यास ते काढताना खुणा मागे राहतात, हेही याच अभ्यासातून पुढे आले. त्यानंतरच्या काळात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी झाकलेला भाग भरून काढणे आणखी सोपे केले आहे. कुलूप म्हणून जलचिन्ह दुबळे आहे, या निष्कर्षावर यावे लागते.

तथापि दुबळे कुलूप कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरत नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने ६५-ब हे कलम आले. अधिकार व्यवस्थापनाची माहिती जाणीवपूर्वक व अनधिकाराने काढणे अथवा बदलणे हा या कलमान्वये दोन वर्षांपर्यंत कारावास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. या माहितीच्या व्याख्येत कृतीचे शीर्षक, कर्त्याचे नाव, हक्कधारकाचे नाव व पत्ता यांचा समावेश आहे. कायदा येथे प्रतिमेवरील आच्छादनाचा विचार करीत नसून नावाचा विचार करतो, ही बाब लक्षणीय आहे. कलम ५७ ने तर हक्क विकल्यानंतरही ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच ठेवला आहे.

नाव हरवते तेव्हा काय होते, हे डॅनियल मोरेल यांच्या प्रकरणावरून दिसते. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा या छायाचित्रकाराने विध्वंसाची छायाचित्रे आंतरजालावर ठेवली. प्रत्यक्ष छायाचित्रांवर हक्काची सूचना नव्हती. त्यांचे नाव होते ते पानावर, छायाचित्रांशेजारी. दुसऱ्याच व्यक्तीने ती आपल्या नावाने पुढे ठेवली आणि एएफपी या वृत्तसंस्थेने त्याच चुकीच्या नावाने ती वितरित केली. नोव्हेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथील ज्यूरीने एएफपी व गेटी इमेजेस यांच्याविरुद्ध सुमारे १२ लाख डॉलरची भरपाई ठरविली. न्याय मिळाला, परंतु त्यास जवळजवळ चार वर्षे लागली. चित्राच्या अंगावर लहानसे नाव असते, तर चोरी थांबलीच असती असे नाही. पण चुकीचे नाव इतक्या सहजपणे रुळले नसते.

खूण कोणाची?

जलचिन्हाविषयीचा खरा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रतिमेवरील खूण दावा कोणाचा आहे एवढेच सांगते, कृती कोणाची आहे हे सांगेलच असे नाही. गेटी इमेजेसने स्टॅबिलिटी एआय या कंपनीविरुद्ध २०२३ मध्ये दावा दाखल केला. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या काही प्रतिमांवर गेटीच्या जलचिन्हाची वेडीवाकडी छाया उमटली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने कॉपीराइटविषयक दावा फेटाळला. मात्र जलचिन्हाबाबत व्यापारचिन्हाचा मर्यादित भंग मान्य केला. जलचिन्ह कुलूप म्हणून निकामी ठरले, साक्षीदार म्हणून मात्र उपयोगी पडले. परंतु न्यायालयात टिकलेली ती खूण कंपनीची होती. ज्यांनी छायाचित्रे टिपली, त्यांची नावे त्या साक्षीत नव्हती.

हक्काची मुदत संपलेल्या कृतींबाबत ही विसंगती अधिक ठळक होते. राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले. भारतात कलाकृतीचा कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली चित्रे केव्हाच सर्वांची झाली आहेत. अशा चित्राच्या प्रतीवर एखाद्या विक्रेत्याचे जलचिन्ह आडवे पसरलेले असेल, तर ते कोणाचे रक्षण करते? सपाट चित्राच्या तंतोतंत छायाचित्रास स्वतंत्र कॉपीराइट नाही, असा निर्णय अमेरिकेत ब्रिजमन विरुद्ध कोरेल खटल्यात १९९९ मध्ये झाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात किमान सर्जनशीलतेची अट घातली. त्या खटल्याचा विषय चित्रे नसून न्यायनिर्णयांच्या संपादित आवृत्त्या हा होता. तरीही केवळ श्रम व खर्च पुरेसा नाही, हे तत्त्व येथेही मार्गदर्शक ठरावे. ज्या चित्रकाराने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून आपली चित्रे घरोघरी पोहोचविली, त्याच्याच चित्रांवर परक्या नावाचा पट्टा असावा, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने याच्या उलट मार्ग पत्करला. व्हर्मीरच्या ‘द मिल्कमेड’ या चित्राच्या पिवळट, निकृष्ट प्रती आंतरजालावर इतक्या पसरल्या होत्या की, संग्रहालयात विकली जाणारी अस्सल रंगांची प्रतच लोकांना खोटी वाटू लागली. संग्रहालयाने २०१२ मध्ये सुमारे १,२५,००० कृतींच्या उच्च प्रतीच्या प्रतिमा जलचिन्हाविना खुल्या केल्या. निकृष्ट प्रतीला उत्तर अस्सल प्रतीनेच द्यावे लागते, हा त्यामागील विचार होता.

समारोप

या विवेचनावरून जलचिन्हाचा विवेक करता येतो. हयात कलावंताच्या कृतीवर त्याचे नाव लहान अक्षरांत, चित्ररचनेशी जुळवून आणि कापून टाकल्यास रचना बिघडेल अशा जागी असावे. तेच नाव फाइलच्या माहितीतही नोंदवावे आणि पूर्ण आकाराची मूळ फाइल पुरावा म्हणून स्वतःजवळ राखावी. मुदत संपलेल्या कृतीवर मात्र काहीही उमटवू नये. कर्ता, काळ व संग्रह यांची नोंद चित्राखाली द्यावी.

महाविद्यालयांसाठी हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही. विद्यार्थ्यांची चित्रे व छायाचित्रे संकेतस्थळावर वा वार्षिकांकात देताना त्यावर संस्थेचे बोधचिन्ह उमटविणे सोयीचे वाटते. परंतु विद्यार्थी हा संस्थेचा नोकर नसतो. मोबदला देऊन करवून घेतलेल्या छायाचित्रांसारखे अपवाद वा वेगळा करार नसेल, तर कलम १७ नुसार कृतीचा प्रथम स्वामी तोच असतो. संस्थेचे चिन्ह मोठे आणि विद्यार्थ्याचे नाव गायब, अशी प्रतिमा संरक्षित म्हणता येणार नाही; ज्या नावासाठी संरक्षण हवे, तेच नाव तिच्यावरून पुसले गेलेले असते.