आपल्या लेखनातला हरवलेला धोंडिबा

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या भल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केले. आपल्या मेळाव्यांतून या अर्पणपत्रिकेचा उल्लेख होतो. लगेच हजरत बिलाल यांचे नाव येते, पाठोपाठ मलिक अंबर येतो, टाळ्या पडतात आणि विषय संपतो. आमच्या मते विषय तिथून सुरू व्हायला हवा.

‘गुलामगिरी’चे बळ तिच्या संवादात आहे. धोंडिबा शंका काढतो, जोतीराव उत्तर देतात, त्यातून पुढचा प्रश्न निघतो. आपल्या लेखनात उत्तरे देणारे पुष्कळ झाले. प्रश्न विचारणारा धोंडिबा हरवला आहे.

आम्ही यवतमाळकर कापसाच्या मुलखातले, म्हणून पहिला प्रश्न कापसाचा. चार शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे जहाजांत कोंबून अटलांटिकपलीकडे पाठवली गेली. त्यांतली सुमारे १८ लाख वाटेतच मेली. ब्रिटनने हा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद केला, तरी मँचेस्टरकडच्या गिरण्या अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावरच चालत राहिल्या. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटले, तो कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली आणि इकडे भाव कोसळला. तिथल्या बेडीशी इथल्या शेतकऱ्याचे नशीब असे बांधलेले होते.

इंग्रजांच्या दयाबुद्धीलाही धोंडिबाने सोडले नसते. १८३३ च्या मुक्तीच्या कायद्याने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना छदामही नाही. कंपनीच्या ताब्यातला हिंदुस्थान तर त्या कायद्यातून वगळलाच होता. इथला कायदा १८४३ साली आला.

आता अवघड प्रश्न. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादला शिकला आणि पुन्हा विकला जाऊन अहमदनगरच्या निजामशाहीत आला. त्याने मोगलांना झुंजवले, खडकी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. त्याचा अभिमान वाटावाच. पण त्याला विकत घेणारे कोण होते? कुरआनने गुलाम मुक्त करणे हे मोठे पुण्य ठरवले, जकातीच्या आठ वाट्यांत एक त्यासाठी ठेवला. तरीही मुसलमानांच्या शहरांत माणसांचे बाजार शतकानुशतके भरत राहिले. झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला तोही १८७३ सालीच, ‘गुलामगिरी’च्या वर्षी आणि ब्रिटिश आरमाराच्या दडपणाखाली. आरमाराने जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले आपल्याच मुंबई-नाशकात येत होती. नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये शिकलेला जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीसोबत इंग्लंडला गेला. ‘गुलामगिरी’वर बोलताना ही मुले आपल्याला आठवत नाहीत.

हे लिहिले तर आपल्या विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळेल, असे काही मित्र म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. पण कोलीत त्यांच्या हाती आधीच आहे. आपल्या गप्प बसण्याने ते विझत नाही. गुलामगिरी ही केवळ मुसलमानांची करणी असे म्हणणाऱ्यापुढे अटलांटिकची जहाजे आणि आपल्या देशातली जातिव्यवस्था ठेवता येते. मात्र ती ठेवण्याचा हक्क स्वतःचा हिशेब आधी मांडणाऱ्यालाच असतो.

तो हिशेब जुन्या बाजारांपाशी संपत नाही. सोयरीक जुळवताना पहिल्यांदा बिरादरी विचारणारे आपण, हजरत बिलाल यांचे नाव कोणत्या तोंडाने घेतो? फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा शब्द शूद्रातिशूद्रांच्या हालअपेष्टांना लावला, तो आपल्या मोहल्ल्यापर्यंत येतो की नाही?

विकल्या गेलेल्यांतून मलिक अंबर एखादाच निघाला. बाकीचे वजीर झाले नाहीत, त्यांच्या नावाने शहरे वसली नाहीत. त्यांची गोष्ट मुस्लिम मराठी साहित्याने सांगावी. त्या गोष्टीत टाळ्यांना जागा नसेल, पण धोंडिबाला असेल.