हलक्या बंदुकीचा हिशेब

विल्यम हार्नडेन फॉस्टर यांचें, अमेरिकेतील न्यू इंग्लंड भागांतील ग्राउझ पक्ष्याच्या शिकारीवरील पुस्तक १९४२ सालीं, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालें. फॉस्टर हे चित्रकार. शिवाय उडत्या पक्ष्याच्या नेमाचा सराव मैदानावर करविणारा ‘स्कीट’ हा खेळ १९२६ सालीं लोकांपुढें आणणाऱ्यांपैकीं एक. त्यांचा हलक्या बंदुकीविषयींचा आग्रह आम्हांस (आम्ही शिकारी नव्हे, वाचक) मोठा मार्मिक वाटतो. ग्राउझ दाट झाडींतून एकाएकीं उठतो आणि क्षणार्धांत खोडांआड होतो. बार बहुधा २५ यार्डांच्या आंतच टाकावयाचा. तेव्हां छर्रे लवकर फांकविणारी, तोंडाशीं न आवळलेली नळी हवी. बंदूक दिवसभर वागवावयाची, बार मात्र मोजकेच. म्हणून ती हलकीही हवी. येथवर ठीक. परंतु फार हलकी बंदूक फिरवतांना मध्येंच थबकते, आणि २८ बोअरच्या काडतुसांत छर्रे थोडे. अर्धमेला पक्षी झुडुपांत शिरला, तर कुत्र्यावांचून सांपडणें कठीण. नाजूक बंदुकीच्या रसिकांनीं या यातनेचाहि हिशेब मांडावा. सहा पौंडांच्या आसपासची, २० बोअरची दुनळीच आम्हांस अधिक पटते. पहिली नळी मोकळी, आणि दूर गेलेल्या पक्ष्यासाठीं दुसरी किंचित आवळलेली.