वाचकाविना लिहिलेली पुस्तके

पाठ्यपुस्तकाला वाङ्मय मानण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. कथा-कादंबऱ्यांची चिरफाड आपण हौसेने करतो. पण महाविद्यालयातला मुलगा ज्या पुस्तकापुढे रात्र रात्र बसतो, त्याची समीक्षा सहसा कोणी करीत नाही. परिणाम उघड आहे. व्याख्या, प्रकार, गुणदोष, सारांश अशा चार खांबांवर प्रकरण उभे राहते आणि विद्यार्थी मुकाट्याने गाइडाकडे वळतो.

लेखक विद्वान असला म्हणजे पुस्तक शिकवते, हाही भ्रमच. रिचर्ड फाइनमन यांनी अमेरिकेत कॅलटेक येथे १९६१ ते १९६३ या काळात पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञान शिकवले. त्या व्याख्यानांचे तीन खंड आजही आदराने वाचले जातात. परंतु १९६३ सालच्या प्रस्तावनेत खुद्द फाइनमन यांनीच निराशा व्यक्त केली आहे. मुलांना किती उमगले, हे व्याख्यात्याला कळण्याची सोयच नव्हती, असे ते म्हणतात.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ साली पहिले विद्यार्थी आले. रोजचा वर्ग नाही. मग पुस्तकानेच शिक्षक व्हायचे! तेथे विषयतज्ज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि संपादक मिळून पाठ घडवीत. मजकूर मध्येच थांबून वाचकाला प्रश्न विचारी. आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून स्वयंअध्ययनाची हीच वाट धरली.

मात्र प्रश्न छापला म्हणजे काम भागत नाही. ‘मागणीचा नियम सांगा’ हा प्रश्न नव्हे, ती पाठांतराची आज्ञा आहे. उलट असे विचारावे: दसऱ्याला झेंडू महागतो, तरी त्याचा खप वाढतो, मग मागणीचा नियम मोडला काय? ‘मोडला’ म्हणणाऱ्याची चूक कोठे झाली, हेही पुस्तकाने सांगावे. नियम बोलतो तो बाकीची परिस्थिती तीच राहिली तर; येथे सणामुळे मागणीच वाढली, आणि म्हणून भाव चढला. हे एकदा स्वतः उलगडले, की व्याख्या घोकावी लागत नाही.

ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला दुसरा कोणी नाही, त्याने अडले तर विचारावे कोणाला? गाइड त्याला उत्तर विकते, पण अडचण विचारीत नाही. पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने निदान ती अडचण आधी ओळखावी. वाचक डोळ्यांपुढे नसेल, तर कादंबरी फार तर कंटाळवाणी होईल; पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत मात्र कोणाचे तरी शिक्षणच खुंटते.