बिनतारी कंट्रोलरची ‘नवी वैशिष्ट्ये’ : एका गद्यप्रकाराची भाषिक चिकित्सा

यंत्रासोबत येणाऱ्या लेखनाकडे भाषेच्या अभ्यासकाने चिकित्सक दृष्टीने पाहण्याची प्रथा मराठीत फारशी रुजलेली नाही. असे लेखन गरजेपुरते वाचले जाते आणि काम झाले की विसरले जाते. वास्तविक, ज्या गद्यावर विश्वासून एखादा व्यवस्थापक मध्यरात्री रुग्णालयाचे किंवा विद्यापीठाचे सारे बिनतारी जाळे नव्या आवृत्तीवर नेतो, त्या गद्यातील क्रियापदे तपासून पाहणे हे काही गौण काम नव्हे.

मोठ्या संस्थेत शेकडो ॲक्सेस पॉइंट असतात. त्या सर्वांना एका जागेवरून आज्ञा देणारी प्रणाली म्हणजे कंट्रोलर. सिस्को कंपनीने २००५ साली एअरस्पेस ही कंपनी विकत घेतली. तिच्याकडून आलेली एअरओएस ही प्रणाली दीर्घकाळ चालली व २०१८ मध्ये आयओएस एक्सई या प्रणालीवर आधारलेली कॅटलिस्ट ९८०० ही मालिका आली. प्रत्येक आवृत्तीसोबत ‘रिलीज नोट्स’ या नावाचे एक टिपण प्रसिद्ध होते. त्यात नव्या वैशिष्ट्यांची यादी असते आणि पुढे ‘कॅव्हेट्स’ या मथळ्याखाली दोषांची. या टिपणांत विशेषणांची उधळण नसते, आणि दोषही क्रमांक देऊन मांडलेले असतात. जाहिरातीच्या पत्रकांहून हे गद्य कितीतरी प्रामाणिक आहे, हे प्रथमच मान्य करावयास हवे. त्याचा दोष असत्याचा नाही. तो व्याकरणाचा आहे.

या यादीचे मुख्य पद ‘सपोर्ट’. अमुक गोष्टीस या आवृत्तीत ‘सपोर्ट’ आहे, एवढेच वाक्य सांगते. मराठीत ते उतरवू जाता भाषांतरकाराची तत्काळ अडचण होते. ती गोष्ट ‘चालते’, ‘चालवता येते’ की ‘चालूच आहे’? मराठी क्रियापद येथे निवड मागते. इंग्रजी नाम ती टाळू देते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ८०२.११आर हे मानक २००८ सालचे. चालत्या माणसाच्या हातातील फोन एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्याकडे जाताना किल्ल्यांची देवघेव लवकर व्हावी, हा त्याचा हेतू. परंतु ते सरसकट चालू केले असता काही जुनी उपकरणे जाळ्याची नवी घोषणा समजू न शकल्याने त्यात प्रवेशच करू शकत नाहीत. म्हणून पुढे ‘अडॅप्टिव्ह’ रीत आली : ज्यांना ही खूण कळते त्या उपकरणांनी वेगवान रीत वापरावी, इतरांनी जुनी. ९८०० मालिकेत नवे जाळे निर्माण करताना ही रीत मुळातच चालू असते. तेव्हा ‘चालवता येते’ आणि ‘चालूच आहे’ यांतील अंतर म्हणजे एखाद्या वॉर्डातील जुने उपकरण जोडलेले राहते की नाही, एवढे मोठे आहे. (दुसरा ॲक्सेस पॉइंट केव्हा धरावयाचा हे अखेर फोनच ठरवतो. ८०२.११व्ही या मानकाद्वारे कंट्रोलर फार तर सूचना करतो आणि फोन ती अव्हेरू शकतो. ‘कंट्रोलर’ या नामातच कर्तृत्वाचा थोडा अतिरेक आहे.)

याहून विचारार्ह शब्द म्हणजे ‘रोग’. मराठी वाचकाला तो देवनागरीत व्याधीच वाटेल, आणि भाव तितकासा दूरही नाही. कंट्रोलरला अपरिचित असलेला कोणताही ॲक्सेस पॉइंट या संज्ञेत पडतो. शेजारच्या दुकानातला राउटरही पडतो. त्यांचे ‘मैत्रीपूर्ण’, ‘अवर्गीकृत’, ‘दुष्ट’ असे वर्ग मागाहून पाडले जातात. निंदाव्यंजक नाव मात्र चौकशीपूर्वीच चिकटते. अशा परक्याविरुद्धचा उपाय ‘कंटेनमेंट’ म्हणून ओळखला जातो. शब्दावरून भासते की कुणाला कुंपण घातले जात आहे. प्रत्यक्षात संस्थेची यंत्रणा त्या परक्या ॲक्सेस पॉइंटचा पत्ता स्वतःच्या संदेशावर घालून त्याच्या ग्राहकांना ‘संबंध तुटला’ असे कळवीत राहते. दुसऱ्याच्या तोंडी घातलेले हे खोटे वाक्य आहे, असे भाषाशास्त्राच्या परिभाषेबाहेर जाऊन म्हटले तरी चालेल.

याचे परिणाम न्यायप्रविष्ट म्हणावे इतके गंभीर ठरले आहेत. नॅशव्हिल येथील गेलॉर्ड ऑप्रिलँड या हॉटेलात अशाच उपायाने पाहुण्यांचे स्वतःचे हॉटस्पॉट बंद पाडले जात होते आणि प्रदर्शकांकडून हॉटेलच्या वायफायसाठी दर उपकरणामागे २५० ते १००० डॉलर घेतले जात होते. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०१४ मध्ये या प्रकरणी मॅरियट कंपनीकडून सहा लाख डॉलर दंड घेतला. कंपनीच्या समर्थनात ‘रोग’ हाच शब्द पुढे करण्यात आला होता. संज्ञेने आधीच दिलेला निवाडा माणसाने फक्त उचलला, असेच म्हणावे लागते.

आता नव्या वैशिष्ट्यांकडे वळावे. वायफाय अलायन्सने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये व्यवस्थापन-संदेशांचे संरक्षण अनिवार्य आहे. संबंध तोडणारा संदेश खरोखर त्याच ॲक्सेस पॉइंटने पाठविला की नाही, हे उपकरणाला पडताळता येते. ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर या संरक्षणाविना जाळे उभारताच येत नाही. अर्थात जुना ‘कंटेनमेंट’ तेथे निष्प्रभ ठरतो. पाहुण्याच्या दृष्टीने हा लाभ. ज्या संस्थेचे संरक्षण-धोरण त्या उपायावर उभे आहे तिच्या दृष्टीने हानी. ‘नवी वैशिष्ट्ये’ या मथळ्याचे व्याकरण मात्र केवळ बेरजेचे आहे. एक शक्ती येताना दुसरी जाते, हे सांगण्यास त्यात जागाच नाही.

‘कॅव्हेट’ची गोष्ट निराळी. लॅटिनमध्ये हे क्रियापदाचे रूप आहे : ‘त्याने सावध असावे’. भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ मुळे मराठी वृत्तपत्रांनाही ते परिचित आहे, आणि तेथे मूळचा इशारा अद्याप जिवंत आहे. रिलीज नोट्समध्ये तेच रूप दोषाचे नाम होऊन बसले. इतके की ‘रिझॉल्व्हड कॅव्हेट’, म्हणजे शब्दशः ‘निवारण झालेले सावध असावे’, असा प्रयोग कुणास खटकतही नाही. विध्यर्थातील ‘त्याने’ गळून पडला. सावध कोणी असावयाचे, हे आता वाक्य सांगत नाही.

आवृत्त्यांना शहरांची नावे देण्याची या मालिकेची रीत होती. ॲमस्टरडॅमच्या १७.३ या आवृत्तीत चालणारे १७००, २७०० व ३७०० मालिकांचे जुने ॲक्सेस पॉइंट बेंगळुरू नावाच्या १७.४ पासून वगळले गेले, आणि क्युपर्टिनोच्या १७.९.३ मध्ये परत घेतले गेले. ही यंत्रे या काळात छतावर होती तशीच होती. ‘सपोर्ट’ गेला आणि ‘सपोर्ट’ आला. यातील कर्ता शोधू पाहणाऱ्या व्यवस्थापकाला नव्या वैशिष्ट्यांची यादी बाजूस ठेवून दोन आवृत्त्यांचे सुसंगती-तक्ते ओळीने ताडून पाहावे लागतात.