खोट्या पोथीचे खरे वारस

प्राग शहरात नदीकाठच्या उंच कड्यावर व्हिशेह्राद नावाचा जुना किल्ला आहे. चेक लेखक, संगीतकार आणि विद्वान यांची दफनभूमी तिथेच आहे. तिथल्या एका स्मारकावर, भाषा जिवंत असेपर्यंत राष्ट्र मालवत नाही, अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे. हे स्मारक वाक्लाव हांका याचे. प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा हा ग्रंथपाल १८६१ मध्ये वारला, तेव्हा तो चेक भाषेचा थोर सेवक मानला जात होता. आज त्याचे नाव निघते ते युरोपातल्या एका फार मोठ्या वाङ्मयीन बनावटीच्या संदर्भात.

१८१७ च्या सप्टेंबरात सव्वीस वर्षांच्या हांकाने जाहीर केले, की ड्वूर क्रालोवे या गावातील चर्चमध्ये आपल्याला जुन्या चर्मपत्राची काही पाने सापडली आहेत. बारा पाने आणि कापलेल्या दोन पट्ट्या, त्यांवर चौदा कविता. काही वीरगाथा, काही प्रेमगीते. काळ तेराव्या शतकाचा सांगितला गेला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संग्रहालयाची स्थापना होत असताना एका उच्चपदस्थ सरदाराच्या नावे निनावी टपाल आले. त्यात आणखी चार पाने होती. ती झेलेना होरा येथील गढीतली असल्याचे पुढे सांगण्यात आले, आणि त्यांचा काळ तर थेट नवव्या-दहाव्या शतकापर्यंत मागे नेण्यात आला.

लोकांनी यावर विश्वास का ठेवला, हे समजण्यासाठी त्या वेळची चेक भाषेची अवस्था पाहिली पाहिजे. १६२० च्या ‘पांढऱ्या टेकडी’च्या लढाईत बोहेमियाच्या सरदारांचा पराभव झाला, हॅब्सबर्ग सत्ता घट्ट झाली आणि पुढच्या दीड-दोनशे वर्षांत कारभार, उच्च शिक्षण व प्रतिष्ठित समाज यांची भाषा जर्मन झाली. चेक भाषा उरली खेड्यात आणि स्वयंपाकघरात. चेक व्याकरणाचा पाया घालणारा थोर पंडित योसेफ दोब्रोव्स्की स्वतःही आपले ग्रंथ जर्मन व लॅटिनमध्येच लिहीत होता.

तरीही चेक वाङ्मय दरिद्री नव्हते. चौदाव्या शतकातील दालिमिलची पद्य बखर होती, यान हुसचे लेखन होते, सोळाव्या शतकातले क्रालित्से बायबल होते, कोमेन्स्कीचे गद्य होते. नव्हते ते एवढेच, की प्राचीन वीरकाव्य. जर्मनांना निबेलुंगांचे महाकाव्य सापडले होते, रशियनांनी १८०० मध्ये ईगोरच्या मोहिमेचे काव्य छापले होते, स्कॉटलंडच्या ‘ओसियन’ने सगळा युरोप भारला होता. ज्या समाजाजवळ वीरकाव्य नाही तो समाज बालवयातच आहे, अशी त्या पिढीची मोजपट्टी होती. माझ्या मते या बनावटीचे मूळ इथे आहे. स्वतःकडे जे होते ते मोजायला हांकाच्या पिढीने दुसऱ्याच्या घरची पट्टी आणली, आणि त्या पट्टीवर जे कमी भरले ते रात्रीतून तयार केले.

दुसऱ्या पोथीतील मुख्य कविता आहे ती राणी लिबुशेच्या न्यायदानाची. वडिलोपार्जित वतनावरून दोन भाऊ भांडतात. राणी निवाडा देते. थोरला चिडून, बाईच्या हाताखाली राहणाऱ्या पुरुषांचा धिक्कार करतो. मग सभेत एकजण उठून म्हणतो, की न्याय शोधायला जर्मनांकडे जाणे आपल्याला शोभत नाही, आपला पवित्र कायदा आपल्यापाशी आहे. नवव्या शतकातल्या माणसाच्या तोंडी घातलेले हे म्हणणे १८१८ मधल्या वाचकाच्या मनातले होते, हे आज चटकन दिसते. बनावट लेखक लिपी जुनी करू शकतो, शाई जुनी भासवू शकतो; आपल्या काळाची इच्छा मात्र त्याला लपवता येत नाही. पहिल्या पोथीतल्या गीतांवर तर सर्बियन लोकगीतांची छाप आहे, आणि त्या गीतांचा चेक अनुवाद हांकाने त्याच १८१७ साली प्रसिद्ध केला होता.

दोब्रोव्स्की हा हांकाचा गुरू. पहिली पोथी त्याने मान्य केली, पण दुसरी पाहताच त्याला संशय आला. १८२४ मध्ये त्याने ती बनावट असल्याचे उघडपणे लिहिले. त्यावर वाद झाला तो पुराव्यापेक्षा त्याच्या निष्ठेचा. पालात्स्कीसारखा मोठा इतिहासकार पोथ्यांच्या बाजूने उभा राहिला. दरम्यान पहिल्या पोथीतल्या एका छोट्या गीताला खुद्द गटेने जर्मन रूप दिले होते. मग शंका घेणार कोण?

पोथ्यांवर अर्धे शतक उभे राहिले. योसेफ मानेसने त्यांची चित्रे काढली. स्मेतानाने ‘लिबुशे’ हा ऑपेरा रचला आणि लोकवर्गणीतून उभारलेल्या राष्ट्रीय नाट्यगृहाचे दार १८८१ मध्ये त्याच प्रयोगाने उघडले. यातली गंमत अशी, की या परमराष्ट्रीय ऑपेराची संहिता मुळात जर्मनमध्ये लिहिली गेली होती. चेक शब्द नंतर अनुवादाने आले.

खरी लढाई झाली १८८६ मध्ये. भाषाशास्त्रज्ञ यान गेबाउएर याने निर्विवाद जुन्या हस्तलिखितांतली शब्दरूपे गोळा करून पोथ्यांतल्या रूपांशी ताडून पाहिली. पोथ्यांची भाषा त्यांच्याशी जुळेना. उलट तिच्यातल्या चुका हांकाच्या काळातील विद्वानांच्या गैरसमजांशी नेमक्या जुळत होत्या. रासायनिक तपासणीत एका रंगीत आद्याक्षरात प्रशियन निळा आढळला. हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी प्रथम तयार झाला. पण खरा घाव व्याकरणाने घातला.

गेबाउएरचा लेख ज्या ‘आथेनेउम’ नियतकालिकात आला, त्याचे संपादक होते प्रागला येऊन चारच वर्षे झालेले प्राध्यापक तोमाश मासारिक. त्यांनी समाजशास्त्र आणि सौंदर्यशास्त्राच्या अंगाने गेबाउएरला साथ दिली. राष्ट्राचा मान खोट्यावर उभा राहू शकत नाही, हा त्यांचा मुद्दा. वृत्तपत्रांनी त्यांना देशद्रोही ठरवले. चेक विश्वकोशाच्या संपादनाचे काम त्यांच्या हातून गेले. दोन्ही बाजूंना भाषेचे प्रेमच होते. पण एका प्रेमाला भाषा जशी हवी तशी हवी होती, आणि दुसऱ्याला ती होती तशी. जुन्या चेक भाषेचे शास्त्रशुद्ध ऐतिहासिक व्याकरण पुढे लिहिले ते गेबाउएरने, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मग या कवितांचे काय करायचे? बनावट ठरताच त्या वाईट ठरवणे हाही एक अप्रामाणिकपणाच होय. कालपर्यंत ज्यात होमर दिसत होता, त्यात आज एकही बरी ओळ दिसू नये, हे कसे? हांका आणि त्याचा मित्र योसेफ लिंडा यांच्याकडे आज बहुतेक अभ्यासक या कवितांचे कर्तेपण देतात. तेराव्या शतकाऐवजी १८१७ च्या कविता म्हणून त्या वाचल्या, तर माखाच्या ‘माई’ या १८३६ च्या काव्याआधीची ती चेक स्वच्छंदतावादी कवितेची एक समर्थ पायरी ठरते. स्वतःच्या नावाने छापल्या असत्या तर त्यांना इतिहासात मानाची जागा मिळाली असती. हांकाने कवी होण्याची संधी घालवली आणि पोथी शोधणारा होणे पत्करले, हे त्याचे खरे नुकसान.

लिबुशेच्या त्या कवितेत न्याय या अर्थाने ‘प्राव्दा’ हा शब्द येतो. आजच्या चेक भाषेत त्याचा अर्थ सत्य. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष झाले ते एकेकाळचे ‘देशद्रोही’ मासारिकच, आणि राष्ट्राध्यक्षांच्या ध्वजावर सत्याच्या विजयाचे ब्रीद आले ते याच शब्दाने. व्हिशेह्रादच्या हिरवळीवर मात्र मिस्लबेकने घडवलेले, त्या खोट्या पोथीतले वीर झाबोय आणि स्लावोय अजून उभे आहेत.  हांकाचे स्मारकही तिथून चार पावलांवर आहे, आणि त्यावरचे वाक्य कोणाला खोडावेसे वाटलेले नाही.