संतत विद्युत्‌भार आणि ‘दिलेली’ घनता

स्थिरविद्युत्‌शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत संतत विद्युत्‌भाराच्या क्षेत्राचे प्रकरण बहुधा एकाच क्रमाने मांडलेले आढळते. प्रथम कूलाँबचा नियम, मग भाराचा सूक्ष्म अंश, त्यानंतर समाकलन. आणि उदाहरणादाखल सरळ तार, कडे, चकती व अनंत प्रतल. या मांडणीतील गणित निर्दोष असते. आक्षेप घ्यावयाचा तो आरंभीच्या गृहीतावर. भार समघनतेने पसरला आहे असे मानून विवेचन पुढे जाते. परंतु असे मानणे कोणत्या वस्तूच्या बाबतीत रास्त आहे, याची चर्चा क्वचितच केली जाते.

धातूचा एकटा गोल किंवा बारीक वर्तुळाकार कडे घेतले, तर त्यांची सममितीच समघनतेची हमी देते. मर्यादित लांबीची तार आणि चकती यांना ती हमी लाभत नाही. समभारित चकतीच्या केंद्रावरील वर्चस्‌ १ मानल्यास कडेवरील वर्चस्‌ सुमारे ०·६४ भरते. चकती निरोधक पदार्थाची असेल तर हा फरक टिकू शकेल. ती धातूची असल्यास मात्र भार केंद्राकडून कडेकडे सरकेल आणि सर्वत्र वर्चस्‌ समान होईपर्यंत त्याचे पुनर्वितरण चालू राहील. समतोल साधला म्हणजे कडेलगतच्या, एकूण क्षेत्रफळाच्या केवळ एक चतुर्थांश भरणाऱ्या वलयात निम्मा भार एकवटलेला असतो.

हा भेद किरकोळ नव्हे. त्रिज्या व एकूण भार तेच ठेवले, तर धातूच्या चकतीचे क्षेत्र केंद्रालगत अक्षावर समभारित चकतीच्या क्षेत्राच्या बरोबर निम्मे असते. त्रिज्येइतक्या अंतरावर ते सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरते. फार दूर गेल्यावर मात्र दोन्ही क्षेत्रे बिंदुभाराच्या क्षेत्राशी एकरूप होतात. यामुळेच विद्यार्थ्यांना शिकविली जाणारी नेहमीची कसोटी येथे निरुपयोगी ठरते. दूरच्या अंतरावर सूत्र बिंदुभाराच्या सूत्रात परिणत होते एवढे पाहून जो समाधान मानतो, त्याला चकतीजवळची दुपटीची चूक कधीच दिसणार नाही.

या प्रश्नाचा इतिहासही उद्‌बोधक आहे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७० नंतरच्या दशकात धातूची पातळ चकती व तितक्याच व्यासाचा गोल यांच्या धारकतांची प्रयोगाने तुलना केली. गोलाची धारकता चकतीच्या १·५७ पट असल्याचे त्यांना आढळले. पुढे सिद्धान्ताने दिलेले गुणोत्तर म्हणजे पायचा अर्धा भाग, अर्थात १·५७०८. समघनता गृहीत धरून आणि केंद्रावरील वर्चस्‌ हेच चकतीचे वर्चस्‌ मानून कोणी हिशेब केला असता, तर हे गुणोत्तर २ आले असते. भार कसा पसरावा हे कॅव्हेंडिश यांनी चकतीवरच सोपविले होते. म्हणून त्यांना खरे उत्तर मिळाले.

कॅव्हेंडिश यांची ही संशोधने मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात चौरस पत्र्याची धारकता काढताना मॅक्सवेल यांनी पत्र्याचे लहान लहान चौरस कल्पिले आणि प्रत्येकावरील भार अज्ञात मानून, सर्वांचे वर्चस्‌ समान असावे या अटीवरून तो शोधला. येथे समाकलनाची भूमिकाच पालटते. घनता समाकलचिन्हाखाली अज्ञात म्हणून उभी राहते आणि समाकल हे उत्तर न राहता समीकरण बनते. आज संगणकावर याच तत्त्वाने वाटेल त्या आकाराच्या संवाहकावरील भार काढता येतो.

समभारित चकतीचे उदाहरण अभ्यासक्रमातून काढून टाकावे, असा याचा अर्थ नाही. समाकलनाचा सराव म्हणून त्याचे मूल्य निर्विवाद आहे. परंतु प्रत्येक उदाहरणाआधी दोन प्रश्न विचारले जाणे अगत्याचे आहे: हा भार तेथे कशामुळे आला, आणि तो तेथेच स्थिर राहू शकेल काय? पहिल्या प्रश्नाने वस्तूचा विचार सुरू होतो, दुसऱ्याने समतोलाचा. हे दोन्ही विचार वगळल्यास भौतिकीच्या तासाला केवळ समाकलनाचा अभ्यास होतो, आणि प्रयोगशाळेतील धातूची चकती पुस्तकातील चकतीहून वेगळी का वागते, याचे उत्तर पदवीधरापाशी नसते.